अप्पांचं ‘झालं माझं’

अप्पा सुर्वे जेवायला बसले की चौथ्या घासाला उठायचे आणि ‘झालं माझं’ म्हणून जाहीर करायचे. जाहीर हा शब्द मी विचार करून वापरतेय. आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा होता, आणि त्यावरून ते ‘झालं माझं’ माझ्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिटीवर मात करून पोचायचं. ते ऐकलं की माझ्या हातातली पळी थांबायची. ‘चार घास गेले नाहीत पोटात, आणि म्हणे झालं,’ मी चडफडायचे. आमचे हे वर्तमानपत्राआडून विचारायचे, ‘तुला काय करायचंय?’

करायचं होतं. कारण अप्पांना खाऊ घालून जगवायची जबाबदारी थेट अमेरिकेहून माझ्या गळ्यात पडली होती.

गावात मोजक्या घरांत रंगीत टीव्ही आला होता, तेव्हाची ही गोष्ट. अप्पा एस.टी.तून निवृत्त झालेले. कंडक्टर म्हणून लागले, आणि शेवटची कितीतरी वर्षं रत्नागिरी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारायचे. कर्णा बंद पडला तरी त्यांचं काही अडत नसे. ‘संगमेश्वरमार्गे देवरूखकडे जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे’ हे ते अशा आवाजात म्हणायचे की देवरूखला न जाणारा माणूसही पिशवी उचलून दोन पावलं पुढे यायचा. निवृत्त झाले तरी फलाट काही सुटला नाही. मुलगी सासरी गेली ती ‘मार्गस्थ झाली’. पाहुणा रेंगाळला तर माईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, आत ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे, ‘ही गाडी मुक्कामी आहे गो.’ पाहुण्यालाही ऐकू जायचं, हे सांगायला नको.

देह आवाजाला शोभेल असाच. स्टँडवर एक वजनाचं यंत्र होतं. नाणं टाकलं की वजन आणि भविष्य छापलेलं तिकीट बाहेर पडायचं. अप्पा वर चढले की आतून नुसती घरघर यायची, तिकीट नाही. ‘माझं भविष्य एवढ्याशा तिकिटावर मावत नाही,’ ते म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत वाढपी त्यांच्या पानाशी पातेलं टेकवूनच पुढे जायचे. खाणं भरपूर आणि झपाट्याचं. कोंबडी-वड्यांचा बेत असला तरी पाट घटकेत मोकळा.

मग त्याच ताटात माई बसायच्या. ती त्या घरची रीत. घरधनी उठल्याशिवाय बाईमाणसाने पान घ्यायचं नाही, असं त्यांच्या सासूने सांगून ठेवलेलं, आणि सासू जाऊन जमाना झाला तरी माईंनी ते मोडलं नव्हतं. मी शाळेत मुलींना गृहविज्ञान शिकवणारी बाई. मला ते बघून चीड यायची. पण दुसऱ्याच्या घरात किती नाक खुपसायचं, म्हणून गप्प बसायचे.

पुढे अप्पांच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली, ब्लडप्रेशर चढलं. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. अप्पांनी लगेच एकादशी धरली. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आमच्या आळीत तेव्हापासून कुणी म्हण म्हणून वापरली नाही, अप्पांचं नाव घेतलं की काम भागायचं. शेवटी जावई मध्ये पडले. जावई अमेरिकेत डॉक्टर. त्यांनी सासू-सासऱ्यांना लेकीचं घर बघायला म्हणून बोलावलं, आणि घर बघून झाल्यावर सासऱ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. पोटाला आतून पिना मारून त्याची आमटीच्या वाटीएवढी पिशवी केली.

हे रत्नागिरीला समजावून सांगणं अवघड होतं. आपल्याकडे पोट भरायचे उपाय माहीत, पोट लहान करायला एवढ्या लांब जायचं म्हणजे काय. कोळीण माशाची टोपली उतरवून विचारायची, ‘अप्पानु, आपली हवा खारी. पिना गंजणार नाय ना?’ न्हाव्याने विचारलं, पिना काढायला परत जावं लागणार काय. अप्पा सगळ्यांना एकच सांगायचे, ‘पूर्वी स्टँड होता. आता पिकप शेड राहिलीय. एक गाडी आत, दुसरी रस्त्यावर.’

ते परत आले आणि आठवड्याभरात जावयांचा फोन आला. आळीत फोन आमच्याकडेच होता. स्वतःचाच आवाज परत ऐकू येत होता, त्यामुळे दोघंही ओरडत होतो. ‘काकी, तुम्ही प्रोटीन शिकवता ना? मग अप्पांवर लक्ष ठेवा.’ मग नियम सांगितले. आधी प्रोटीन, म्हणजे अंडं, मासा, डाळ, उसळ. भात शेवटी, जागा उरली तर. प्रत्येक घास चावून त्याची पेज करायची, एका जेवणाला तास लागला तरी चालेल. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. ‘पोट लहान केलंय, काकी. शरीराची गरज लहान झालेली नाही. प्रोटीन गेलं नाही तर अंगातलं मांस झडायला लागेल, आणि मग अवघड होईल.’

मी मुलींना वर्षानुवर्षं सांगत आले होते की प्रथिनं शरीराची झीज भरून काढतात. मुली ते वहीत उतरवून घ्यायच्या, वाद घालायच्या नाहीत. अप्पांचं तसं नव्हतं.

सुरुवातीला बरं चाललं होतं. एक उकडलेलं अंडं पुढ्यात घेऊन तासभर रवंथ करत बसायचे. मला वाटलं, माणूस सुधारला. त्यातच एकदा माई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. त्यांनाही अमेरिकेतच रक्तात साखर निघाली होती, गोळ्या सुरू झाल्या होत्या. मी गडगा ओलांडून धावले, साखरपाणी पाजलं, त्या उठून बसल्या. सगळे म्हणाले, एवढ्या लांबच्या प्रवासाचा शीण. ते निस्तरते आहे तोवर इकडे अप्पा फिरले. एकदम ‘झालं माझं’ सुरू.

आणि चाल नेमकी उलटी. मऊभातावर पातळ कालवण घालून चार घास सरसर गिळायचे, आणि मासा ताटात तस्सा. आमच्याकडे आजाऱ्याला आणि बाळंतिणीला मुडदुशे देतात, हलका मासा, काटा कमी. मी पहाटे बंदरावर माणूस पाठवून मुडदुशे आणवले. अप्पांनी त्यातला रस्सा भातावर घेतला आणि उठले. कुळथाची पिठी करून दिली, तर तिचा वास घेऊन म्हणाले, ‘छान झालीय गो मास्तरीण,’ आणि वाटी परत. मला ते मास्तरीण म्हणायचे.

‘अप्पा, अंडं का टाकलंत?’

‘अंड्याची गाडी आंबा घाटात बंद पडते.’

‘चावून खाल्लं तर नाही पडणार.’

‘चावतो की.’

‘कधी चावता? तुम्ही पाटावर टेकता आणि उठता.’

‘वेळेवर गाडी सोडायची सवय आहे गो मला. रक्तातच आहे.’

जावयांनी प्रोटीनच्या पावडरचा भला मोठा डबा बरोबर दिला होता. तो इतक्या लवकर रिकामा झाला की मला जरा बरं वाटलं. महिन्याभराने अप्पांनी मला परसात नेऊन पावसहून आणलेलं हापूसचं कलम दाखवलं. पालवीने नुसतं गच्च भरलेलं. ‘अमेरिकेची पावडर,’ ते कौतुकाने म्हणाले. ‘मोहर कधी धरतो बघूया.’ मी ते कलम तोडून टाकीन म्हणाले, तर माई आतून म्हणाल्या, ‘झाडावर कशाला राग गो बाय, त्याने बिचाऱ्याने खाल्लं तरी.’

पावसलाच एका लग्नाला गेलो होतो, तिथला प्रकार तर मी जन्मात विसरणार नाही. पुरुषांची पहिली पंगत बसलेली. अप्पा मानाच्या ओळीत. पंगत संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, ही साधी रीत पोरालाही माहीत असते. आमचे अप्पा चौथ्या घासाला उठले. ‘झालं माझं.’ मांडवातल्या माना वळल्या. ज्या माणसाच्या पानाशी पातेलं टेकवायचे, तो माणूस पान टाकून उठला म्हणजे काहीतरी मोठा अपमान झाला असणार. नवरीचा बाप हात जोडून पळत आला. ‘अप्पानु, काय चुकलं आमचं?’ शेजारचे दोघे अवघडून उठले, मग त्यांच्या शेजारचे उठले, आणि पंगत अर्ध्यावर मोडली. वाढप्यांनी डोक्याला हात लावले आणि बायकांची पंगत बसवायला घेतली. अप्पा मात्र मांडवाच्या खांबाला टेकून शांत उभे.

हळूहळू ते दिसायला लागलं. आधी अंग उतरलं, ते उतरायचंच होतं. मग केस गळायला लागले. गालफडं बसली. जिना चढताना मध्येच बसू लागले. पावलांवर सूज आली. आणि एक दिवस मला जाणवलं की ‘झालं माझं’ आता ऐकू येत नाहीये. म्हणत होते, पण ते गडग्यापर्यंत पोचत नव्हतं. ज्या आवाजाचा मला वैताग होता, त्याच्यासाठी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत कान देऊन उभी राहायला लागले.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘बाई, हा माणूस भरल्या घरात उपाशी मरतोय. असंच चाललं तर ॲडमिट करून नळीने अन्न द्यावं लागेल, आणि त्यालाही किती उशीर झालेला असेल ते आज सांगता येत नाही.’ हे ऐकून मला काळजी वाटली, आणि माझी काळजी नेहमी संतापाच्या वाटेने बाहेर पडते.

शनिवार होता. शाळा सकाळची, म्हणून दुपारी घरी होते. अंड्याचं कालवण करून सुर्व्यांच्या पडवीत शिरले तेव्हा अप्पा हात पुसत बाहेर येत होते. दारातून मला आतलं ताट दिसलं. बांगड्याची तुकडी अख्खी, बोट लावलेलं नाही. मी भांडं खाली आपटलं.

‘अप्पा, तुम्हाला मरायचंय का? तसं असेल तर स्पष्ट सांगा, म्हणजे मी रोज पहाटे उठून माशाच्या मागे लागणार नाही. लेकीचा जीव तिकडे टांगलेला, माई इकडे झुरतायत, आणि तुम्ही…’

अप्पांनी ओठांवर बोट ठेवलं.

‘हळू गो. ती बसलीय जेवायला.’

‘बसू देत की. मी त्यांना नाही बोलत.’

‘तुझा आवाज ऐकला तर पानावरून उठून येईल. गोळी घेतलीय तिनं मघाशीच.’

त्यांनी मला पडवीच्या टोकाला नेलं. तिथल्या बाकावर बसले, तेसुद्धा आत कान ठेवून. मग बोलले ते इतकं हळू की हा त्यांचा आवाज आहे हे मला खरं वाटेना.

‘अगो मास्तरीण, तुझं एक अंडं खायला मला तास लागतो. मासा असला तर जास्तच. तोवर ती आत उपाशी. गोळी पोटात आणि अन्न नाही. त्या दिवशी पडली ना, ती कशाने पडली असं वाटतं तुला? शीण कसला.’

‘मग त्यांना सांगा ना, आधी जेवा म्हणून.’

‘सांगितलं. शपथ घालून झाली. बरं म्हणते. मग विचारलं की म्हणते, खाल्लं मी. सगळा जन्म एस.टी.त गेला माझा. तिकीट न काढलेला प्रवासी मला तोंडावरून कळतो. रागावलो तर रडते. तुमच्या आईला शब्द दिलाय म्हणते. आता आईला मी कुठनं बोलावू, शब्द परत घ्यायला?’

आत भांड्याचा आवाज झाला. अप्पांनी मान वळवली, आवाज थांबेपर्यंत ऐकलं, मग परत माझ्याकडे बघितलं.

‘माझी गाडी निघाल्याशिवाय तिची फलाटावर लागत नाही. म्हणून सोडतो वेळेवर. रिकामी तर रिकामी.’

मी बाकावर बसले. पावसच्या मांडवातले, खांबाला टेकून उभे राहिलेले अप्पा मला दिसले, आणि त्यांच्या समोर लवकर बसलेली बायकांची पंगत. तिसऱ्या पानावर माई होत्या. मला दोघांचाही भयंकर राग आला. एक नवरा उठल्याशिवाय जेवत नाही, दुसरा बायको जेवावी म्हणून जेवत नाही, आणि या दोन हट्टांच्या मध्ये मी अंडी उकडत बसलेली. डोळ्यांत पाणी आलं ते मी पदराने पुसलं, आणि त्याचाही राग आला.

‘जावयांनी दिवसातून किती वेळा खायला सांगितलंय?’ मी विचारलं.

‘सहा.’

‘मग तुम्ही चार घास घ्या. झालं माझं म्हणा. उठा, हात धुवा. ते एक जेवण झालं. माईंनी पान घेतलं की त्यांच्या शेजारी बसून दुसरं जेवण सुरू करा. ते तासभर चालू दे. घरधनी उठलाय, माई जेवतायत, शब्द मोडलेला नाही. घरधन्याने परत बसू नये, असं तुमच्या आई म्हणाल्या होत्या काय?’

अप्पांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

‘जादा गाडी,’ ते म्हणाले.

‘काय?’

‘जादा गाडी सोडायची म्हणतेस. शिमग्याला, गणपतीला सोडतो तशी. तिला टाइमटेबल लागत नाही गो.’

पुढे अप्पांना अंग धरायला किती महिने लागले, आवाज गडग्यापर्यंत कधी आला, जावयांनी फोनवर माझी किती स्तुती केली, ते सगळं असू दे. मला आठवतो तो दुसरा दिवस. रविवार होता. मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या मागच्या दाराशी उभी होते.

अप्पांनी चार घास घेतले. शक्य तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणाले, ‘झालं माझं.’ मोरीत जाऊन हात धुतले, चूळ अशी भरली की आईला वरती ऐकू जावी. माईंनी ताट ओढलं, भात वाढून घेतला, पहिला घास तोंडात घातला. तेवढ्यात अप्पा आपला पाट घेऊन परत आले आणि त्यांच्या बाजूला बसले. हातात बशी, बशीत सुरमईची तुकडी.

माई दचकून उठायला लागल्या.

‘बस. ही जादा गाडी आहे. तुझ्या गाडीने थांबायचं कारण नाही.’

‘अहो, पण असं शेजारी…’

‘डॉक्टरांनी सांगितलंय.’ डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नव्हतं.

माई भिंतीकडे तोंड करून, पदर ओढून जेवायला लागल्या. नव्या नवरीने सासरी पहिल्यांदा जेवावं तशा. इतक्या वर्षांच्या संसारात त्या अप्पांना नुसत्या वाढत आल्या होत्या, शेजारी अशा बसल्याच नव्हत्या. अप्पा काटा काढून एवढासा तुकडा तोंडात टाकत होते आणि चावत होते. चावत होते, चावत होते. माझाच जबडा दुखायला लागला.

माईंचं जेवण आटोपलं, तरी त्या हलेनात. तोंड मात्र आता भिंतीकडे नव्हतं. उजव्या हाताला भात सुकून पांढरा झाला होता, तो मांडीवर धरून त्या नवऱ्याकडे बघत बसल्या होत्या.

मला राहवेना. ‘माई, उठा आता. हात सुकला तुमचा.’

‘पंगतीत एक जण जेवत असताना उठू नये गो बाय,’ माई म्हणाल्या. मग अप्पांना म्हणाल्या, ‘तुम्ही चावा सावकाश. मी बसलेय.’

म्हणजे एक रीत मोडायला मी आकाशपाताळ एक केलं, आणि बाईने लगेच दुसरी धरली. पण या रीतीवर माझ्याकडे उपाय नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला तो शोधायचाही नव्हता.

अप्पांनी उरलेल्या तुकडीचे दोन भाग केले. काटा नीट काढून मोठा भाग माईंच्या रिकाम्या ताटात ठेवला. अप्पांच्या पोटात जायची ती प्रथिनं होती. मी ओरडायला तोंड उघडलं. माईंनी सुकलेल्या हातानेच तो तुकडा उचलला, आणि मी तोंड मिटून मागच्या दाराने घरी आले.